कोठीवरची थाळी

अर्लीनने थाळी तिसऱ्यांदा राखेने घासली, तरी बोटांना काहीतरी ओशट लागून राहिलं होतं. तिने हात झग्याला पुसले आणि पुन्हा हुंगले.

टेकडीवरच्या कोठीतली नवी गोरी बाई सकाळी गाडीतून उतरली होती, हसत, गुलाबी फीत बांधलेलं पुडकं घेऊन. ‘तुमच्या आजीची आठवण,’ म्हणाली. निळ्या काठाची पत्र्याची थाळी. सिंकखाली, कुत्र्याच्या भांड्याशेजारी सापडलेली. पाठीवर खिळ्याने कोरलेलं, ‘कामवाली’. अर्लीनने तिचे आभार मानले होते. ते आभार अजून जिभेवर आंबत होते.

काळ्यांच्या वस्तीत आज थडगी साफ करायचा दिवस. दुपारी सगळं गणगोत जमणार. मेलेल्या माणसाचं जेवणाचं भांडं फोडून त्याच्या थडग्यावर ठेवायचं, म्हणजे साखळी तुटते. पाठोपाठ घरातलं दुसरं कुणी जात नाही.

“आई, ही रोझेटाआजीवर ठेवायची का? शिसारी येते गं. पण तिचीच ना?”

पडवीत ल्युवेनिया भेंड्या चिरत होती. नव्वदीची, पण नजर अजून सुईसारखी.

“तिची नाही.”

“काट्या-चमच्याचे ओरखडे बघ की! एकतीस वर्षं राबली तिथं. वारा खाऊन राहिली?”

“राहिली. पहाटे जायची, अंधार पडल्यावर यायची, मग घरी निळ्या वाडग्यात खायची. तोच फोडून ठेवलाय तिच्या थडग्यावर, उशाशी. या घाणीला तिने बोट लावलं नाही.”

“मग टाकते उकिरड्यावर. कोण निलाजरी जेवली असेल यात!”

सुरी थांबली. ल्युवेनियाने एक भेंडी उचलली, परत ठेवली.

“आईनंतर मी गेले ना कोठीवर. मीही ठरवलं होतं, तिथलं खायचं नाही. चार महिने नाही खाल्लं. मग तू पोटात लाथा मारायला लागलीस.”

अर्लीनने थाळीतल्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

“भांड्याच्या बुडाला लागलेला भात असायचा,” ल्युवेनिया म्हणाली. “कधी त्यांचं उष्टं. खाल्लं, की तू गप व्हायचीस.”

पेकनच्या झाडाखाली कोंबड्या माती उकरत होत्या.

“मी मेल्यावर फोडू नकोस. आत्ता फोड. माझ्या डोळ्यांदेखत. पत्रा फुटायचा नाही, भोक पाड. जा, खिळा आण.”

अर्लीन खिळा नि हातोडी घेऊन आली, तेव्हा आईने थाळी पायरीवर पालथी घालून दोन्ही हातांनी धरली होती. अंगठा नेमका त्या कोरलेल्या शब्दावर.

अर्लीनने तो अंगठा हळूच उचलला, ओठांना लावला, आणि त्याच जागी खिळा टेकवला.