खिळे मारलेल्या खिडक्या

"उठली, उठली! मंदा उठली!" चिंचेखाली एकच गलका झाला. खंडेराव महाराजांनी पोरीच्या कपाळाला अंगारा फासला आणि शाळेकडे डोळे वटारून गर्जना केली, "जा हडळे! नाहीतर बाटलीत भरून समुद्रात सोडीन!" मंदाने पाणी मागितलं. बायका महाराजांच्या पाया पडल्या. शाळेत कोसळलेली ही चौथी पोर महाराजांनी चिंचेखाली आणून शुद्धीवर आणली होती.

शिक्षिका इंदुबाई गर्दीच्या मागे उभ्या होत्या. साल १९६६. नवरा तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर, म्हणून त्या साताऱ्याहून बोईसरजवळच्या या गावात आलेल्या. महाराजांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण पोरं का कोसळतात, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. म्हणूनच थंडीमुळे ओढून घेतलेल्या शाळेच्या खिडक्यांना महाराजांनी हडळीच्या बंदोबस्तासाठी खिळे मारले, तेव्हा त्या गप्प राहिल्या.

गुरुवारी वर्गात तानी कोसळली. महाराज पालघरला गेले होते. बाकीची पोरं बाहेर पळाली, त्यांच्यामागून मदतीला हाका मारत इंदुबाईही. गलका ऐकून आलेल्या सरपंच नामदेवांनी दार ओढून घेतलं आणि आडवे उभे राहिले. आत कोपऱ्यात पोरांना वाटायचं पुडीचं दूध तापवायची शेगडी तशीच पेटलेली होती.

"बाय, महाराज आल्याबिगर तिला भाईर काढायची नाय. हडळ गावात सुटंल."

इंदुबाईंनी हात जोडले, आरडाओरडा केला, दाराशी झटापट केली. चौघांनी त्यांना धरून ठेवलं. महाराज दुपारी आले. तोवर तानी गेली होती.

"मला उशिरा बोलावलंत," महाराज म्हणाले. लोकांनी तेही मान डोलावून ऐकलं.

आठवड्याने शाळा उघडली. वर्गातली चिमी म्हणाली, "बाय, बाकीच्या पोरी चिंचेखाली उठल्या. तानीला भाईर नेलीच नाय. मंग पोरी महाराजांनी उठवल्या, का भाईरच्या वाऱ्यानं?"

इंदुबाई चरकल्या. खिळे काढायला गाव तयार नव्हतं. मग त्यांनी पोरांनाच कामाला लावलं. डोकं जड झालं की सरळ अंगणात जायचं आणि भिंतीवर लावलेल्या तारखांच्या तक्त्यात एक टिंब द्यायचं. दार उघडं होतं की बंद, तेही चिमी रोज लिहायची. थंडीमुळे दार बंद असलं की टिंबं दाटायची, उघडं असलं की तुरळक. दुधाची पूड संपली ते तीन दिवस मात्र दार बंद असूनही एकही टिंब पडलं नाही. त्या दिवसांत शेगडी पेटली नव्हती.

इंदुबाईंनी तक्त्यावरून शेगडीकडे पाहिलं. लाकडाच्या धुराने पोरांचे डोळे चुरचुरतात म्हणून कोळसा त्यांनीच आणवला होता.

पालघरच्या डॉक्टरांनी तक्ता पाहिला. "कोंदट खोलीत कोळसा जळला की विषारी वायू साठतो. त्याला धूर नाही, वास नाही. माणूस वेळेत उघड्यावर आणला तर बहुतेक वेळा सावरतो. तुमच्या महाराजांचा मंत्र एवढाच."

त्याच दिवशी शेगडी अंगणात गेली, गावाला न विचारता पोरांनी खिळे उपटले आणि टिंबं थांबली. इंदुबाईंनी गाव जमवलं, तक्ता दाखवला, आपली चूकही सांगितली.

महाराज खो खो हसले. "हडळ पळवली मी आन नाव शेगडीचं!"

लोकही हसले. नामदेवांनी मानाचा नारळ महाराजांच्या हाती ठेवला. लगेच एडवण गावाहून त्यांना बोलावणं आलं आणि ते वाजतगाजत गेले.

सगळे पांगले तरी तानीची आई गोजराबाई जागची हलली नाही.

"बाय, तवाच उचलून भाईर आणली असती, तर उठली असती माझी पोर?"

इंदुबाईंना खोटं बोलता आलं नाही. "बहुतेक उठली असती."

पदर तोंडाशी धरून गोजराबाई घराकडे निघाली.

बंद खोलीत कोळसा पेटवू नका. पोर कोसळलं तर आधी त्याला उघड्यावर न्या, मग डॉक्टर गाठा. तेवढ्या वेळात दाराशी कोणी आडवा उभा राहिला, तर तो कितीही मोठा असो, त्याला बाजूला करा.