संत्र्याच्या सालींचं पाणी

राजापेठेतल्या 'श्रीकृपा' अपार्टमेंटचे चार मजले दुर्गाबाई अकरा वर्षांपासून झाडत-पुसत होती. फिनाईलचा वास जिन्यातून खालच्या दुकानांपर्यंत आला की सफाई झाली, असं सोसायटीचे अध्यक्ष केशवराव मानत. संडास-बाथरूमसाठी ॲसिड. त्या ॲसिडनं तिच्या बोटांची सालटं निघायची आणि भाकरी थापताना पीठ भेगांत शिरून झोंबायचं. कामात हे चालायचंच, असं समजून ती गप्प राही.

गेल्या दिवाळीनंतर तिसऱ्या मजल्यावर रागिणी राहायला आली. तिवशाकडच्या बागायतदार घरातली, एका शिकवणी वर्गात रसायनशास्त्र शिकवणारी. दुर्गाबाईच्या हाती पाण्याचा पेला देताना तिचं लक्ष त्या बोटांकडे गेलं.

"हे कशानं झालं?"

"ॲसिडनं. दुसरं काय?"

पुढच्या रविवारी सोसायटीच्या बैठकीत रागिणीनं विषय काढला. खालच्या रसाच्या दुकानातून रोज पोतंभर संत्र्याच्या साली कचऱ्यात जातात. त्या साली, गूळ आणि पाणी ड्रममध्ये तीन महिने मुरवलं की संडास-बाथरूम धुवायचं पाणी तयार होतं. फरशीला रिठ्याचं पाणी पुरे. ॲसिड आणि फिनाईल हळूहळू बंद करता येईल.

"सालीच्या पाण्यानं संडास स्वच्छ निघतो का कुठं?" केशवराव म्हणाले. तरी त्यांनी एक ड्रम ठेवायला परवानगी दिली. गच्चीच्या जिन्याखालची जागा ठरली.

दुर्गाबाईचाही फारसा विश्वास नव्हता. पण तिला एक काम सोपवलं गेलं होतं, आणि तेही समजावून सांगून. पहिला महिना रोज सकाळी झाकण जरा सैल करायचं, आत साठलेली हवा जाऊ द्यायची आणि पुन्हा लावायचं. झाकण उघडलं की फुस्स असा आवाज येई आणि आंबट-गोड वास सुटे. तिला त्याची गंमत वाटू लागली.

तिसऱ्या आठवड्यात परतवाड्याला भाचीचं लग्न निघालं. दुर्गाबाई चार दिवसांसाठी गेली आणि झाकणाचं कुणालाच सांगायचं विसरली. परत आली तर वरचा जिना चिकट पाण्यानं आणि सालींनी भरलेला. झाकण उडून भिंतीवर आदळलं होतं. केशवराव पायऱ्यांवर उभे होते आणि रागिणी खाली मान घालून म्हणत होती, "माझंच चुकलं. मीच मोजमाप नीट केलं नसणार."

"बंद करा हा प्रकार," केशवराव म्हणाले. "उद्यापासून पहिल्यासारखं."

दुर्गाबाई बादली घ्यायला वळली होती. तिला वाटलं, गप्प बसलं तर आपल्याला कोणी काही म्हणणार नाही. ॲसिडची बाटली तर मोरीत आहेच. पण रागिणी विनाकारण बोलणी खात होती, ते तिच्यानं पाहवेना.

"साहेब, ताईचं नाई चुकलं," ती म्हणाली. "झाकन रोज उघडाचं मले सांगतलं होतं. मी लग्नाले गेली अन् कोनालेच सांगून नाई गेली. चूक माही हाये."

अकरा वर्षांत ती केशवरावांशी एवढं सलग कधी बोलली नव्हती.

"मग आता काय करायचं म्हणता?" त्यांनी विचारलं.

"अजून एक डाव ड्रम भरू द्या. या डावाले मी ध्यान ठेवीन. गावाले जायचं झालं तर झाकनाचं ताईले सांगून जाईन."

केशवरावांनी जिन्यावरच्या साली चपलेच्या टोकानं बाजूला सारल्या. "भरा," ते म्हणाले, आणि खाली उतरून गेले.

दुसरा ड्रम मार्चमध्ये तयार झाला. गाळलेलं पाणी काळ्या चहासारखं दिसत होतं. पहिल्या मजल्यावरच्या संगमरवरी पट्टीवर ते सांडलं, तिथली चकाकी गेली; तेव्हा संगमरवराला हे लावायचं नाही, हे दुर्गाबाईनंच ठरवलं आणि रागिणीला सांगितलं. रागिणीनं ते वहीत लिहून घेतलं. "हे मला सुचायला हवं होतं," ती म्हणाली. फिनाईलचा वास येईना म्हणून बेबीताई नावाच्या शेजारणीनं महिनाभर कुरकूर केली. पुढे त्याच बाटली भरून मागायला लागल्या. दुर्गाबाईला आता भाकरी थापताना बोटं झोंबत नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रागिणीची बहीण गीतांजली हिचा अकोल्याहून फोन आला. त्यांच्या इमारतीत हे सुरू करायचं होतं, आणि दाखवायला दुर्गाबाईच हवी होती. सकाळच्या एस.टी.नं ती रागिणीसोबत निघाली. सोबत सालींच्या पाण्याचे दोन कॅन होते.

अकोल्याच्या बोअरचं पाणी खारं. नळांवर पांढरे थर जमलेले. तिथल्या सफाईवाल्या दोघी जणी हात बांधून उभ्या होत्या.

"ॲसिडनं निघत नाई ते यानं काय निघन?" एकीनं विचारलं.

"घासू नोका," दुर्गाबाई म्हणाली. तिनं फडकं भिजवून नळाला गुंडाळलं. "तास-दीड तास तसंच राहू द्या. तवरोक चहा घेऊ."

पाचही जणी गॅलरीत बसल्या. दुर्गाबाईनं झाकणाची गोष्ट स्वतःहून सांगितली, लग्नातल्या जेवणासकट, आणि दोघी हसून हसून लोटपोट झाल्या. फडकं काढलं तेव्हा थर बोटानं निघत होता. दुसरीनं लगेच शेजारच्या नळाला फडकं बांधायला घेतलं.

"पुढच्या महिन्यात पुन्हा याल का?" गीतांजलीनं विचारलं.

"येईन ना," दुर्गाबाई म्हणाली. "पन मंगळवारी नोका बोलावू. मंगळवारी आमच्याकडं नवा ड्रम भरतेत, मी तिथं पायजे."