तपासणाऱ्याचे नाव

मित्रांनो, रेघा ओढण्यात ज्याचे सारे आयुष्य गेले असा मी एक जुना प्लॉटर आहे. हे नाव तुम्ही ऐकले नसेल, त्यात तुमची काही चूक नाही. संगणकाने बिंदू सांगायचे आणि मी पेन धरून कागदावर रेघ ओढायची, एवढेच माझे काम. आज मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांशेजारी उभा आहे. इथे माझ्याशी बोलायला कोणी येत नाही, म्हणून तुम्हालाच धरून बसवले आहे.

परदेशातून लाकडी खोक्यात बसून मी औरंगाबादेत आलो, तेव्हा इथे कारखान्याला लागून कारखाना उभा राहत होता. पहिल्या दसऱ्याला मला झेंडूची माळ घातली. तिची एक पाकळी माझ्या रुळात अडकली, रेघ वाकडी आली आणि खापर फुटले माझ्याच डोक्यावर. तेव्हापासून मला कौतुकाची जरा भीतीच वाटते.

ड्रॉइंग ऑफिसात दोनच माणसे मला आपली वाटत. बद्रीनाथ हा कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातला, ड्रॉइंग काढणारा. कडुबा त्याच्याहून वयाने मोठे, ते ड्रॉइंग तपासणारे. आमच्याकडे एक नियम होता. प्रत्येक कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असे. तिच्यात एक घर काढणाऱ्याच्या नावाचे, एक तपासणाऱ्याच्या नावाचे. दुसरे नाव नसेल तर कागद दाराबाहेर जात नसे.

बद्रीनाथला एक वेड होते. वेरूळच्या तीन ताल लेण्यात वरच्या मजल्यावर बुद्ध रांगेने ध्यानाला बसले आहेत. त्यांची मापे घेऊन तो यायचा आणि रविवारी, साहेबांच्या परवानगीने, ती संगणकात भरायचा. आधी मी पुरी मूर्ती काढी. मग तो एकेक रेघ गाळू लागे. केस गेले, कान गेले, डोळे गेले, बोटेही गेली. किती रेघा गेल्या तरी मूर्तीतली शांती कागदावर राहते, आणि नेमकी कोणती रेघ बिघडली की ती जाते, हे त्याला शोधायचे होते. चित्र काढणे हासुद्धा शोधच आहे, असे तो म्हणे. लोक हसत. एका साहेबांना त्यात मोटारीचा सुटा भाग दिसला, चहावाल्याला उपडी कढई.

कडुबा हसले नाहीत. त्यांच्या घरी बुद्धाच्या मूर्तीपुढे रोज मेणबत्ती लागे. बद्रीनाथने त्यांना तपासायला बसवले, आणि मग प्रत्येक रविवारी ते येऊ लागले. कागद हातभर लांब धरत आणि कितीतरी वेळ बघत राहत.

"खांदा ताठलाय, बद्री," ते म्हणत. "हा माणूस बसला नाय. उठायच्या बेतात हाय."

बद्रीनाथ खांद्याची रेघ केसभर उतरवी, मी पुन्हा ओढी, कडुबा पुन्हा मान हलवीत. असे कितीतरी कागद वाया गेले. एका रविवारी मात्र कडुबांनी मान हलवली नाही. कागदावर मोजक्या रेघा होत्या, चेहरा नव्हता, तरी त्यांनी हात जोडले. मग मी चौकटीत दोन्ही नावे लिहिली. इतका आनंद मला नंतर कधी झाला नाही.

ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचे की नाही, यावरून गावेच्या गावे दुभंगली होती. आधीच्या दंगलीत कडुबांच्या भावाचे घर जळाले होते. ऑफिसात ते त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

बद्रीनाथच्या चुलत्यांनी, काकासाहेबांनी, चित्रांच्या प्रदर्शनासाठी सभागृह मिळवून दिले. चित्रे बघायला ते स्वतः आले. चित्रांकडे त्यांनी ओझरते पाहिले, कोपऱ्यातल्या नावांकडे मात्र नीट पाहिले.

"चित्रं तुझीच हायत ना? मग ह्याचं नाव कशापायी? आपल्याकडली माणसं येणार हायत. उगं डोळ्यावर यायला नको."

बद्रीनाथने संगणकातून ते नाव पुसले आणि सगळे कागद नव्याने काढायला लावले. पण चौकट काढून टाकायला त्याचा हात धजला नाही. चौकटीशिवाय कागद त्याने जन्मात काढला नव्हता. म्हणून तपासणाऱ्याचे घर प्रत्येक कागदावर तसेच राहिले, मोकळे.

सोमवारी कडुबा आले. त्यांनी मोकळ्या घरावरून बोट फिरवले.

"म्हंजे हे तपासलेलं नाय," एवढेच म्हणाले आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

प्रदर्शनाचे कौतुक झाले. कडुबा पुन्हा रविवारी आले नाहीत. पुढे त्यांनी कंपनीच्या वाळूजच्या कारखान्यात बदली मागून घेतली. बद्रीनाथ एकटाच येई. माझ्याकडून रेघा काढून घेई, कागद हातभर लांब धरी आणि टाकून देई. कोणीतरी 'नाही' म्हणावे म्हणून तो दाराकडे बघायचा. मलाही त्या खोलीत करमत नसे.

मग विद्यापीठाचे नाव बदलले. ऐन संक्रांतीचा दिवस होता. त्याच आठवड्यात बद्रीनाथने कडुबांना निरोप धाडला, माझ्याकडून एक नवा कागद काढून घेतला आणि त्यावर त्यांचे नाव लिहवून घेतले. कडुबा आले. तिळगूळ घेतला, कागद बघितला.

"चुकलं माझं, कडुबाभाऊ," बद्रीनाथ म्हणाला.

"व्हय," कडुबा म्हणाले. "आता हे नाव लिवायला काय लागतं, बद्री? तवा लागत व्हतं."

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, खांद्याच्या रेघेवर बारीक खूण केली, "अजून ताठच हाय," म्हणाले आणि कागद तिथेच ठेवून गेले. बद्रीनाथने त्यानंतर बुद्ध काढला नाही. पुढे नवी यंत्रे आली आणि मी या खोलीत आलो.

मित्रांनो, माझी धूळ पुसायला आलात तर बरे वाटेल. नाही आलात तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या शेजारी बसून कोणी तुमचे काम मनापासून पाहिले असेल, तर त्याचे नाव त्याच दिवशी लिहा, आणि लिहू नको म्हणणारे समोर उभे असतील तर नक्की लिहा. पुसलेले नाव मी पुन्हा लिहू शकलो, अगदी सुबक अक्षरात. कडुबांना मात्र रविवारी परत आणणे मला जमले नाही.