चौकशीच्या खिडकीवरची घंटी

टिंग.

दुपारी घरात सामसूम होती. एवढासा आवाज झाला आणि हातातलं लाटणं तसंच घेऊन सूनबाई धावत आली. बाल्कनीतून आजोबाही आले. खाटेवर बसलेल्या आजी ओशाळल्या.

"अगं, मी नाही बोलावलं कुणाला. पाण्याचा पेला शोधत होते, हात हिच्यावर पडला."

पेला त्यांच्यासमोर वीतभर अंतरावर होता. आजोबांनी तो उचलून त्यांच्या हातात दिला आणि तिथेच उभे राहिले.

मित्रांनो, जिच्यावर हात पडला ती मी. मी एक जुनी पितळी घंटी आहे. पालथ्या वाटीएवढी, डोक्यावर एक बटण, बस्स. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने मला कानाशी धरून पुन्हा पुन्हा वाजवलं, पुन्हा पुन्हा कानशीने घासलं आणि शेवटी बायकोला म्हणाला, "ही गोड बोलते. हिला चारचौघांत ठेवायला हरकत नाही."

म्हणून माझी नेमणूक स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत झाली. तिथेच आजोबा बसत. तेव्हा ते आजोबा नव्हते, काळेभोर केस होते आणि कानामागे निळी पेन्सिल असायची. आमच्या गावाहून सहा तासांच्या प्रवासावर एक प्राचीन दगडी मनोरा आहे. कुठल्याशा राजाने बांधलेला, अंगभर नक्षी असलेला. लांबलांबून लोक तो बघायला येत, आमच्या स्टेशनवर गाडी बदलत, आणि मला वाजवून एकच प्रश्न विचारत, "साहेब, जायला कुठला ऋतू चांगला?"

दुसरा कुणी असता तर "हिवाळा" म्हणून मोकळा झाला असता. आजोबांची रीत निराळी. ते आधी तीन प्रश्न विचारत. बरोबर कोण आहे? गुडघे कुणाचे दुखतात? आणि तिथे जाऊन बघायचंय काय? मग निळ्या पेन्सिलीने एका चिठ्ठीवर महिना लिहून देत. नव्या जोडप्याला पावसाळा संपतानाचा, कारण तेव्हा भोवतालचं गवत कमरेएवढं असतं आणि लोक कमी. म्हाताऱ्यांना थंडी ओसरतानाचा. एका शाळेच्या बाईंनी सत्तर मुलं नेणार म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बाई, तुम्ही कधीही जा. ऋतूने तुम्हाला घाबरायचं."

उन्हाळा मात्र त्यांनी कुणालाही लिहून दिला नाही. "दगड तापतो, तोंड भाजतं, आणि उजेडाने डोळे दिपतात. काय दिसणार तिथे?" असं ठासून सांगत. सोबतचे कारकून त्यांना ऋतुराज म्हणून चिडवत. लोक परतताना मुद्दाम खिडकीशी थांबत, आभार मानत, आणि उगीचच मला एकदा वाजवून जात. काय दिवस होते ते! माझं बटण हातांनी झिजून लखलखीत झालं होतं.

आजी रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. खिडकीमागच्या भिंतीवर मनोऱ्याचं मोठं चित्र होतं. त्यात खालच्या पट्टीवर दगडात कोरलेल्या पक्ष्यांची रांग होती. आजोबांचं जेवण होईपर्यंत आजी त्या रांगेकडे बघत बसायच्या.

"आपण कधी जायचं हो?"

"चांगला ऋतू येऊ दे."

पण मित्रांनो, गंमत बघा. चांगला ऋतू आला की खिडकीपुढे ही भलीमोठी रांग. मग साहेबांना रजा कोण देणार? रजा मिळायची ती उन्हाळ्यात, खिडकी ओस पडल्यावर. आणि उन्हाळ्यात जाऊ नये हे तर तेच सगळ्यांना सांगत. अशी एक नाही, चौतीस वर्षं गेली.

मग खिडकीला काच लागली, काचेवर बटणं लागली, माणसं बटणं दाबून विचारू लागली. मला एका खणात टाकून दिलं. तिथे सुतळीचे गुंडे, वाळलेली शाई आणि मी. दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही. निवृत्तीच्या दिवशी आजोबांनी खण उघडला, मला रुमालात गुंडाळलं आणि घरी आणलं. घरी काही दिवस त्यांची नात मला घेऊन दुकान-दुकान खेळली. पुढे आजींची नजर मंदावली, तेव्हा मी त्यांच्या उशाशी आले. हाक मारायला त्यांना संकोच वाटायचा, म्हणून मी.

निवृत्तीनंतरही जाणं राहिलंच. कधी मुलाची बदली, कधी नातीची परीक्षा, कधी गुडघा. खरं सांगायचं तर एव्हाना आजोबांना वाट बघायची सवयच जडली होती.

त्या दुपारी पेल्याचं निमित्त झालं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, की उरलेली नजर फार तर सहा-आठ महिने पुरेल. मग नुसता उजेड-अंधार कळेल.

संध्याकाळी सगळे आजींच्या खाटेभोवती बसले. बाहेर रणरणता उन्हाळा. मुलगा म्हणाला, "बाबा, थंडी पडली की लगेच नेऊ. आत्ता नेलं तर आईला त्रास होईल." आजोबांनी मान डोलावली. सूनबाई एवढंच म्हणाली, "थंडीपर्यंत सात महिने आहेत."

आजींनी चाचपडत मला शोधलं आणि वाजवलं.

"साहेब, चौकशी करायची होती."

आजोबा गोंधळले. "अगं, काय हे?"

"चौतीस वर्षं लोकांना विचारलंत. आता मला विचारा की."

आजोबांनी घसा खाकरला. "बरोबर कोण आहे?"

"एक म्हातारा आहे. हट्टी आहे, पण वाईट नाही."

"गुडघे कुणाचे दुखतात?"

"दोघांचे. त्याचे जास्त, पण तो कबूल करत नाही."

नात खुदकन हसली. आजोबा नाही हसले. तिसरा प्रश्न त्यांनी खाटेजवळ सरकून विचारला.

"बघायचंय काय?"

"ते पक्षी," आजी म्हणाल्या. "अजून जेवढे दिसतील तेवढे."

आजोबांनी नातीच्या दप्तरातली पेन्सिल घेतली आणि चिठ्ठीवर लिहिलं, "उद्या."

पहाटेच्या गाडीने आम्ही सगळे गेलो. गर्दीत चुकामूक झाली तर वाजवायला म्हणून आजींनी मला हातातच धरलं होतं. भर दुपार, डोक्यावर सूर्य, आवारात चिटपाखरू नाही. आजोबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "चुकलंच माझं. या उन्हात तुला काय दिसणार?"

आजी मनोऱ्यासमोर उभ्या राहिल्या. ऊन वरून सरळ भिंतीवर घसरत होतं, आणि प्रत्येक पक्ष्याच्या पोटाखाली, चोचीखाली काजळाच्या बोटासारखी काळीभोर सावली पडली होती.

"एक," आजी म्हणाल्या. "दोन. तीन. अहो, हा चौथा मागे वळून बघतोय."

मागे वळलेला पक्षी तोवर आमच्यापैकी कुणालाच दिसला नव्हता. सावलीत बसलेला म्हातारा पहारेकरी हसला. "लोक थंडीत येतात आणि भिंत सपाट दिसते असं म्हणत परत जातात, आजी. नक्षी बघायची तर हेच ऊन."

आजोबा तापलेल्या पायरीवर बसले. चौतीस वर्षांत या महिन्याची चिठ्ठी त्यांनी एकालाही दिली नव्हती. आजी मोजत राहिल्या. सव्वीसपर्यंत मोजले.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तू पुसून ठेवा, खणात टाकू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने एखादी इच्छा बोलून दाखवली, तर ऋतू शोधत बसू नका. आधी त्याला विचारा.

आता दुपारी आजींना झोप लागली, की नात त्यांच्याजवळ बसून मागे वळलेला पक्षी पुन्हा पुन्हा काढते. काल सूनबाई तिची वेणी घालत होती. नातीने पेन्सिल खाली ठेवली आणि हळूच विचारलं,

"आई, आजीला दिसेनासं झालं आणि मग मी मोठी झाले, तर तिच्या मनात मी केवढी असेन?"

सूनबाईचा हात पेडावरच थांबला.