चोवीस डाव्या बाह्या

त्या आठवड्यात माझ्या वस्तू कोणीतरी हलवत होतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. चष्मा बटणांच्या डब्यात सापडला. मोठी कात्री आपल्या खिळ्यावर नव्हती, शेजारच्या खिळ्यावर लटकत होती. दुकानाच्या खिडकीत भरलेला चहाचा कप गार होऊन वर साय धरून बसला होता, आणि तो चहा मी केलेला नव्हता. सुनेला विचारलं तर म्हणाली, "आई, मी दिवसभर कचेरीत असते. तुमचा चष्मा बटणांत घालायला मी कधी येणार?" उलट उत्तर द्यायची सवय तिला माझ्या मुलाने लावली आणि स्वतः फिरतीची नोकरी धरून निघून गेला. ऐकून घ्यायला मी मागे.

आमचं दुकान शिवणाचं. खाली दुकान, वर घर. तीन मशीनवाल्या बायका, एक कटिंग मास्तर आणि मी. मी चौथी शिकले, पण कापड बेतण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे मी सांगायची गरज नाही, लोकच सांगतात. मास्तर माझ्याकडे बावीस वर्षं आहेत. त्या शनिवारी मात्र मी ‘आहेत’ नाही, ‘होते’ म्हणत होते. कारण तो त्यांचा शेवटचा दिवस होता, आणि तो मीच ठरवला होता.

झालं असं. एका वाद्यपथकाचे बारा कोट शिवायला आले होते. गडद निळं कापड, एका बाजूने तुकतुकीत, दुसऱ्या बाजूने मंद. असं कापड बेतताना तुकतुकीत बाजू एकमेकींवर तोंडाला तोंड लावून ठेवायची, म्हणजे एक बाही डावी निघते, एक उजवी. दोन्ही थर आकाशाकडे तोंड करून ठेवले, तर दोन्ही एकाच हाताच्या निघतात. हे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात. मंगळवारी बाह्या मशीनवर गेल्या आणि तासाभरात एक बाई कोट हातात घेऊन माझ्यापुढे उभी. म्हणाली, "बाई, उजव्या बाजूला बाही बसतच नाही. पाठीमागे वळतेय."

मी गठ्ठा उलगडला. चोवीसच्या चोवीस बाह्या डाव्या.

सोमवारी मशीनवाल्या बायकांची सुट्टी, आणि मास्तर दुपारी जेवायच्या आधीच दात काढायला गेले होते. म्हणजे सकाळीच दातदुखीत त्यांनी बाह्या उरकल्या असणार, हे उघड होतं. मी सगळ्या बायकांसमोर त्यांना धुऊन काढलं. "दात तोंडात दुखत होता ना मास्तर? का डोक्यात होता?" बायका हसल्या. मास्तर म्हणाले, "बाह्या मी..." मी म्हटलं, "तुम्हीच, दुसरं कोण? शनिवारपर्यंत उरलेलं संपवा आणि कात्री घेऊन जा." त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. राग असता तर मला कळला असता. ती नजर कसली, ते कळलं नाही. चार दिवस मला ती अधूनमधून आठवत होती आणि उगाच चिडचिड होत होती.

शनिवारी शाळा अर्धी. दुपारी माझी नात दप्तर आपटत दुकानात आली. वय चौदा, तोंड अखंड चालू, म्हणून आम्ही तिला टिटवी म्हणतो. तिने कापड सारून टेबलावर एक मोठा तक्ता पसरला.

"आजी, तू माझी विद्यार्थिनी."

"मी? कसली?"

"नशेची. शाळेने सांगितलंय, घरातल्या एका मोठ्या माणसाला शिकवायचं. मग त्या माणसाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं, आपल्याला काय माहीत नव्हतं ते. आणि सही."

"तुझ्या आईला शिकव. तिला बरंच माहीत नाही."

"आई म्हणाली, आजीला शिकवून दाखव, मग तुला मानलं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मास्तर शेवटच्या कोटाची कॉलर कापत होते. त्यांनी मान वर केली नाही. मशीनवाल्या बायकांनी मात्र पायडल हळू केलं. फुकटचा तमाशा कोण सोडतंय.

टिटवीने शिकवायला माझंच मशीन घेतलं. म्हणाली, "मेंदू म्हणजे हे मशीन समज. काही पदार्थ पायडल जोरात मारतात. माणूस झोपत नाही, जेवत नाही, छाती धडधडते. काही पदार्थ ब्रेक लावतात. आणि काही धागाच गुंतवतात, जे नाही ते दिसायला लागतं. आता सांग, दारू कशात?"

"जोरात मारणाऱ्यांत."

"चूक. ब्रेकमध्ये."

"काहीतरीच! माझा दीर पिऊन जेवणाच्या टेबलावर चढून नाचायचा. तो ब्रेक लावून नाचत होता होय ग?"

बायका फिदीफिदी हसल्या. टिटवी अडली नाही. "आजी, ब्रेक पहिला कशाला लागतो? लाजेला. मग विचाराला. मग जिभेला, पायांना. जास्तच झाली तर श्वासाला. नाचत होता कारण नको म्हणणारा भाग आधी झोपला होता."

मला हे पटलं आणि पटलं म्हणून राग आला. दिराला मी घराबाहेर काढलं, त्याला तीस वर्षं झाली. बाटलीसाठी नाही काढलं. आदल्या दिवशी केलेलं दुसऱ्या दिवशी तो कबूल करायचा नाही. आरसा फोडून सकाळी विचारायचा, "मी? मी कशाला फोडू?" चेहरा असा निर्मळ, की आपणच फोडला की काय असं वाटावं. मी म्हणायची, लबाडीला सीमा असते.

"आमच्या वयात तर मशीन लवकर बिघडतं," टिटवी सांगत होती, "कारण मेंदू अजून शिवून व्हायचाय. पंचविशीपर्यंत नुसता कच्चा टाका." मग तिने तंबाखू सांगितली, गांजा सांगितला, पंक्चरचं सोल्यूशन हुंगणारी मुलं सांगितली, खोकल्याचं औषध बाटलीने पिणारी सांगितली. मी हो हो करत होते. आमच्या घरात यातलं काही नाही, त्यामुळे ऐकायला हरकत नव्हती. मग मला ब्रेकच्या रकान्यात, दारूच्या बरोबर खाली, एक ओळ दिसली. मी अक्षरं लावून वाचली. झोपेच्या गोळ्या.

"ही छापणाऱ्याची चूक आहे," मी म्हटलं.

"नाही आजी."

"अग, ते औषध आहे. डॉक्टरांनी दिलेलं."

"डॉक्टरांनी किती दिवसांसाठी दिलं होतं?"

आमच्या यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हा झोप लागत नव्हती म्हणून पंधरा दिवसांसाठी दिलं होतं. ते डॉक्टर पुढे दवाखाना बंद करून गेले, औषधवाला ओळखीचा, जुनं पाकीट दाखवलं की नवं देतो. आधी एक घ्यायची. मग दीड. या थंडीपासून दुपारी जेवल्यावर अर्धी, जरा पाठ टेकायला. हे सगळं मी टिटवीला सांगितलं नाही. मी म्हटलं, "पुढे चल."

पुढे प्रश्न होते. ती वाचायची, मी नाही म्हणायची, ती खूण करायची. सांगितलं त्यापेक्षा जास्त लागतं का? नाही. न घेता राहवत नाही असं होतं का? नाही. आपण केलेली गोष्ट नंतर आठवत नाही, असं होतं का?

"नाही."

टिटवीचं पेन थांबलं.

"काय झालं? लिही की, नाही."

"आजी, सोमवारी मी शाळेतून आले तेव्हा तू इथे बाह्या बेतत होतीस."

"मी? मी कशाला बेतू? ते मास्तरांचं काम."

वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते ओळखीचं वाटलं. कुठे ऐकलंय, ते पटकन कळेना. मग दिराचा आरसा आठवला, आणि मी खुर्चीची पाठ धरली.

"आठवत नाही तुला? तू चहा खिडकीत ठेवला होतास. मी म्हटलं गार होतोय, तर तू म्हणालीस, बाळ दमलीस का ग, ये माझ्याजवळ बस."

"मी तुला बाळ म्हणाले?"

"म्हणून तर लक्षात राहिलं. तू कधी म्हणत नाहीस."

मशीनं थांबली होती. मी सोमवार डोक्यात पुन्हा उलगडला. जेवले. अर्धी गोळी. बाकावर आडवी झाले. उठले तेव्हा दिवे लागलेले, मान अवघडलेली. मध्ये काही नाही. झोपेत मध्ये काही नसतंच, म्हणून मी झोपलेच होते, असं मी धरून चालले होते. पण मग कप? कात्री? माझ्या जागी दुसरीच एक बाई दुकानात हिंडत होती, नातीला बाळ म्हणत होती आणि कापड उताणं घालून कापत होती? पोरीला भास झाला असेल. शाळेतून उपाशी आली होती.

खात्री करायचा एकच मार्ग होता. मास्तर बेततात ते खडूने. मी खडू वापरत नाही. अंघोळीच्या साबणाची झिजलेली चकती वाळवून ठेवते. तिची रेघ बारीक येते आणि इस्त्री फिरवली की नाहीशी होते. चाळीस वर्षांची सवय. मी गठ्ठ्यातून एक बाही ओढली आणि खिडकीपाशी नेली. कडेला पांढरी रेघ होती. बोटाने घासली. खडूची भुकटी उडते, ही उडाली नाही. इस्त्री तापलेलीच होती. टेकवली. रेघ विरघळल्यासारखी गेली आणि वाफेबरोबर माझ्या साबणाचा वास वर आला.

दुसरी बाही घेतली. तिसरी. टिटवी म्हणाली, "आजी, पुरे."

मी मास्तरांकडे वळले. ते कात्री जुन्या फडक्यात गुंडाळत होते.

"तुम्हाला हे कधी दिसलं?"

"मंगळवारी सकाळीच. आल्या आल्या."

"मग उताण्या बेतल्यात ते दिसलं नाही?"

"बाई, तुमचं कटिंग मी बावीस वर्षांत कधी तपासलं नाही. तसंच मशीनवर दिलं."

"आणि मी ओरडले तेव्हा तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती? बोलायचं होतंत!"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?" फडक्याची गाठ मारता मारता ते थांबले. "आणि खरं सांगू का, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. माहीत असूनच माझ्यावर टाकताय. मग काय बोलायचं?"

ती नजर तेव्हा कळली. चार दिवस हा माणूस मला लबाड समजत होता. मी दिराला समजले तसंच, अगदी तसंच. आणि दिराला खरंच आठवत नसेल तर? तीस वर्षांनी हे कुठून डोक्यात आलं? त्याचं काय ते आता विचारायलाही तो कुठे आहे, मला ठाऊक नाही.

मला माफी मागता येत नाही. सवय नाही. पण ओरडले होते सगळ्यांसमोर, त्यामुळे कोपऱ्यात नेऊन बोलणं बरोबर दिसलं नसतं. मी बायकांकडे तोंड केलं. "ऐका. बाह्या मी बेतल्या. मला आठवत नाही, पण मीच बेतल्या. मास्तरांचा दात तोंडातच होता." एकजणही हसली नाही. मी मास्तरांना म्हटलं, "ती कात्री सोडा. शनिवारी जा म्हटलं ते धरू नका."

ते फडकं हातात घेऊन उभे राहिले, आणि मला वाटलं, हा जातो आता. गेला असता तरी अडवायला मला तोंड नव्हतं. मग त्यांनी बाह्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

"बारा कोट म्हणजे बारा डाव्या लागतातच," ते म्हणाले. "म्हणजे निम्म्या बरोबर आहेत. बारा उजव्या नव्याने काढू. कापड पुरेल." मग, माझ्याकडे न बघता, "पण दुपारी जेवल्यानंतर कात्रीला हात लावायचा नाही, बाई. हे मी सांगतोय."

मला कोणी असं सांगत नाही. मी हो म्हटलं.

पिशवीतून पाकीट काढून मी टिटवीपुढे टाकलं. "घे. आजपासून बंद."

"नाही!" ती दचकलीच. "एकदम बंद नाही करायची. इथे लिहिलंय बघ. इतकी वर्षं घेतल्यावर एकदम सोडली तर झटकेही येतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू."

"घेऊ पण नको, सोडू पण नको. मग करू काय मी?"

"सोमवारी आईबरोबर जा. तोपर्यंत दुपारची अर्धी घ्यायची का, रात्रीची दीड तशीच घ्यायची का, हे आजच फोन करून विचारू. औषधवाल्याला नाही, आईच्या डॉक्टरांना."

"दीड तुला कोणी सांगितली?"

"पाकिटं मोजली मी," टिटवी म्हणाली.

मग तिने कागद पुढे सरकवला. खाली तीन रिकाम्या ओळी होत्या. दारू ब्रेक आहे हे माहीत नव्हतं, एवढं लिहून सही करावी, असं मनात होतं. ते खरंही होतं, शाळेचंही भागलं असतं. मी पेन धरून बसले. कागद वर्गात जाणार, शाळेच्या बाई वाचणार. टिटवीने ‘नंतर आठवत नाही’च्या ओळीवर बोट ठेवलं. तिथला रकाना तिने अजून रिकामा ठेवला होता.

मी तिथे ‘हो’ची खूण केली. मग खाली, एकेक अक्षर जुळवत लिहिलं: सोमवारी दुपारी मी काय केलं, ते मला माहीत नव्हतं. नातीने सांगितलं.

सही करताना मनात आलं, हा एक सोमवार पोरीने पाहिला म्हणून कळला. न पाहिलेले किती? मी टिटवीला विचारलं, "मी बाळ म्हटल्यावर तू काय केलंस?"

"बसले तुझ्याजवळ. तू कापत होतीस, मी कापड धरलं."

"तू धरलंस? मग थर उताणे आहेत हे तुला दिसलं नाही?"

"मला काय कळतंय त्यातलं! मला कधी शिकवलंस तू?"

मास्तरांनी निळं कापड टेबलावर झटकून पसरलं. "ये इकडे," ते टिटवीला म्हणाले, "ही तुकतुकीत बाजू. हात फिरवून बघ." मी साबणाची चकती शोधायला लागले. ती रोजच्या जागी नव्हती.