किमा आणि भांड्यांमागची विठा

माझी सून संध्या म्हणते, आईंच्या दहा गोष्टींतल्या नऊ थापा असतात. बरोबर आहे तिचं. एका लग्नात मी बुंदीच्या लाडवांत अख्खा भोपळा लपवला आणि वऱ्हाडात कुणाला पत्ता लागला नाही, असं मी सांगते ते खोटंच आहे. भोपळा अर्धाच होता.

पण ही गोष्ट आमच्या तेजूची आहे, आणि नातीच्या जिवावर मी थापा मारत नाही.

तेजू म्हणजे तेजस्वी. दुसरीत आहे. तिला भाजी चालत नाही. चालत नाही म्हणजे कोथिंबिरीचं पान दिसलं तरी ताट सरकवते. खायची ती फक्त चिकनचा किमा आणि पाव. दिवाळीनंतर शाळेत प्रार्थनेला उभी होती, तिथंच चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून मला दाखवली. आतून कागदासारखी पांढरी.

"रक्त फार कमी आहे हो आजी. औषध देते, पण पोटात पालेभाजी, बीट, काहीतरी जायलाच पाहिजे. पुढच्या तपासणीला असंच राहिलं तर ॲडमिट करून रक्त चढवावं लागेल."

औषध पाजलं की पोरगी ओकायची. संध्या उल्हासनगरला जीन्सच्या कंपनीत ऑफिसात आहे, माझा लेक अभिजीत अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टला. दोघं दमून येतात. बदलापूरला सोनिवलीच्या आमच्या नव्या बिल्डिंगीत दिवसभर मी आणि तेजू. संध्यानं एक दिवस मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"आई, हे बघा. ही बाई किम्यात भाज्या लपवते. मुलांना कळत पण नाही."

"हा कसला किमा? रंग बघ, उकडलेल्या चादरीसारखा."

"टर्कीचा. पक्षी असतो मोठा."

"बदलापुरात टर्की कुठून आणू? कोंबडीच बरी. आणि लपवायचं मला ही गोरी काय शिकवणार?"

"तेच म्हणते मी. तुम्ही आयुष्यभर लोकांना गंडवलंय, आता नातीला गंडवा. पाया पडते तुमच्या."

घेतलं मी मनावर. आमच्या बिल्डिंगीच्या मागच्या भिंतीवर एक दुधीचा वेल चढलेला. कुणी लावला नाही, आपोआप आलेला. तेजूचा हात धरून खेळायला नेलं आणि तिचं लक्ष नाही बघून एक कोवळा दुधी पदराखाली घेतला. घरी येऊन किसला, पिळला, कांद्याबरोबर तेलात इतका परतला की दुधीला स्वतःलाच कळेना आपण कोण. मग आलं-लसूण, आमचा घरचा मसाला, टोमॅटो, त्यावर किमा. झाकण ठेवलं. वास असा सुटला की वरच्या मजल्यावरची बाई वाटी घेऊन आली.

तेजूनं दोन पाव खाल्ले. बोटं चाटली. संध्या दारात उभी राहून डोळे पुसत होती.

दुसऱ्या खेपेला पुन्हा तसाच केला. तेजूनं पावाचा तुकडा बुडवला, तोंडाजवळ नेला आणि थांबली. मान वाकडी करून सिंककडे बघत राहिली. तिथं भांडी पालथी घालायची जाळी आहे.

"आजी, ह्यात दुधी आहे?"

"कसला दुधी? किमा आहे तो."

"ती म्हणाली, दुधी आहे."

"कोण ती?"

"भांड्यांच्या मागं आहे ती."

मी वळून बघितलं. कुकर, दोन पातेली, चहाची गाळणी. तेजूनं पाव खाली ठेवला आणि उठली.

मला वाटलं, पोरीनं साल बघितली असेल. पुढच्या वेळी पालक उकडला, मिक्सरला हिरव्या वाटणात मिळवला, साली-देठं खाली नेऊन टाकली. तेजूनं घास उचलला, मान वाकडी केली. "पालक." मग बीट. बीट मी तिखटाच्या रंगात असं बुडवलं होतं की सीआयडीला सापडलं नसतं. "बीट," तेजू म्हणाली, आणि यावेळी तिचा आवाज रडवेला झाला. "आजी, तू का सारखं टाकतेस?"

त्या दिवसापासून तिनं किम्यालाही हात लावला नाही. एवढं एक खायची, तेही गेलं. नुसता पाव दुधात बुडवून खायची. संध्या माझ्यावरच भडकली.

"तुम्हीच तिला भुताखेतांच्या गोष्टी सांगता ना? आता भोगा."

"मी ही गोष्ट सांगितली नाही गं."

"मग कोणी सांगितली?"

आयुष्यभर लांडगा आला म्हणून ओरडले, आता खरा आला तर कोण धावणार?

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तेजूला जवळ घेतलं. "कशी दिसते गं ती?"

"दिसत नाही. नुसती बोलते. दात नसल्यासारखं बोलते. वास येतो."

"कसला?"

"आपण कुंडीत पाणी घालतो ना, तसा. ओल्या मातीचा."

ती कोण ते माझ्या लक्षात आलं. कारण मला त्या जागेचा इतिहास ठाऊक होता. मी मूळची शेजारच्या जांभूळ गावची. आमची बिल्डिंग उभी आहे तिथं पूर्वी विठाचा मळा होता. विठा आणि मी उल्हासनगरच्या मार्केटात शेजारी शेजारी बसून भाजी विकायचो. सिंधी बायका तिचे डोळे बांधायच्या आणि हातात भाजी द्यायच्या, ती नुसतं बोट फिरवून सांगायची, भेंडी, शिराळं, पडवळ. कधी चुकली नाही. आणि तिच्या मळ्याचा एक कायदा होता. कुणीही यावं, काहीही तोडावं, पण हाक मारून, नाव घेऊन. "विठे, दुधी घेते गं!" की ती लांबून ओरडायची, "घे!" न सांगता तोडलं, तर ती तुमच्या मागोमाग तुमच्या दारापर्यंत यायची आणि काय चोरलं त्याचं नाव चारचौघांत मोठ्यानं घ्यायची. मरून तिला बरीच वर्षं झाली.

आणि मी तिच्या मळ्यातला दुधी पदराखाली लपवून आणला होता. हाक मारून नाव घेणार कशी, तेजू शेजारीच होती, तिनं ऐकलं असतं ना!

चार वाजता मी एकटीच खाली गेले. वॉचमन झोपला होता. वेलासमोर उभी राहून हळूच म्हटलं, "विठे, दुधी घेतला गं मी. उशिरा सांगते, पण सांगते."

वारा अजिबात नव्हता. बाजूच्या गाड्यांवरची कव्हरं हलत नव्हती. वेलाचं एकेक पान मात्र माझ्याकडे वळलं. एवढंच. "घे" काही ऐकू आलं नाही.

संध्याकाळी तेजू म्हणाली, "ती अजून आहे. ती म्हणते, जना लबाड आहे." जना म्हणजे मी.

आता मात्र मला राग आला. मेली असली म्हणून काय झालं? माझ्या घरात, माझ्या ओट्यावर, माझ्या नातीच्या घासावर बसते? मग डोक्यात एक लबाडी आली. विठाला सगळ्या भाज्या ठाऊक. पण ती मेली तेव्हापर्यंतच्याच! रिक्षा केली आणि उल्हासनगरला एका सिंधी भाजीवाल्याकडे गेले. म्हटलं, असलं काहीतरी दे की जे आमच्या गावात कुणाच्या बापानं बघितलं नसेल. त्यानं हिरवं झाडासारखं काहीतरी काढलं.

"अम्मा, ये लो. ब्रोकोली. हॉटलवाले ले जाते हैं."

"फुलकोबी आजारी पडलाय काय रे?"

तो हसला. मी घेतली. रव्यासारखी बारीक किसली, हिरव्या किम्यात मुरवली आणि तेजूच्या पुढ्यात बसले. म्हटलं, "एक घास. ती काही म्हणाली तर नको खाऊ."

तेजूनं मान वाकडी केली.

"काय म्हणते?"

"काहीच नाही." पोरगी ऐकत राहिली. "विचार करतेय."

तेजू जेवली. दुसऱ्या दिवशी पण जेवली. मी भांडी घासताना जाळीकडे बघून म्हटलं, "काय विठे, हरलीस ना?" भांड्यांमागून कसलाच आवाज आला नाही. आणि तेच मला आवडलं नाही. विठा गप्प बसणारी बाई नव्हती.

मग एक उलटंच सुरू झालं. तेजू रोज पोटभर खायची. मी समोर बसून बघायचे, चावते, गिळते, ताट रिकामं होतं. आणि उठता उठता म्हणायची, "आजी, भूक लागली." मी पुन्हा वाढायचे. पुन्हा तेच. फ्रॉक तिच्या खांद्यावरून उतरायला लागला. गाल बसले. संध्यानं वजनकाट्यावर उभी केली आणि मग माझ्याकडे बघितलं, ते बघणं मी विसरणार नाही. तपासणीचा दिवस जवळ आला होता.

"मी गिळते गं आजी," तेजू कुजबुजली, "पण खाली जातच नाही. ती मधेच घेते. रोज विचारते, काय आहे हे, काय आहे हे. तू सांगत नाहीस म्हणून घेते."

त्या संध्याकाळी अभिजीत सेकंड शिफ्टला होता, संध्या यायची होती. बाहेर अजून उजेड होता, पण आमच्या किचनमध्ये तळघरात येतो तसला गारवा होता. नळातून पाणी सोडलं तर ते गढूळ आलं, शेतातल्या पाटासारखं. ताटात किमा वाढलेला. तेजूनं हात लावला नव्हता, तरी त्याच्या पलीकडच्या बाजूला खळगा पडत चालला होता. हळूहळू. कुणीतरी बोटानं ओढून घ्यावा तसा.

आता सांगा, काय करायचं? नाव सांगितलं तर तेजू ऐकणार, आणि माझ्या हातचं परत कधी खाणार नाही. नाही सांगितलं तर तिचा प्रत्येक घास ती दुसरीच गिळणार. माझं सगळं आयुष्य लपवण्यात गेलं, आणि त्या दिवशी लपवायला जागा उरली नाही.

फ्रीज उघडला. उरलेली ब्रोकोली काढून ओट्यावर मधोमध ठेवली.

"बघ विठे. हिला ब्रोकोली म्हणतात. घे!"

खळगा पडायचा थांबला. तेजूनं ब्रोकोली बघितली, मग ताट बघितलं.

"रोज हेच होतं?"

"हो गं बाय."

"तू खोटं बोललीस?"

"बोलले."

तिनं ताट लांब सरकवलं. झालं, मी म्हटलं, संपलं. तेवढ्यात तिनं मान वाकडी केली आणि बराच वेळ ऐकत राहिली. जाळीतली पातेली एकमेकांना लागून बारीक वाजत होती.

"आजी, ती रडते."

"विठा? रडते?"

"ती म्हणते, इतके दिवस खाल्लं, पण चव नाही लागली. मेल्यावर जीभ राहत नाही म्हणते. आणि जिवंत होती तेव्हा चांगली भाजी सगळी मार्केटात जायची. ती फक्त किडकी खायची."

हे मात्र खरं होतं. दुपारी आम्ही दोघी बांधून आणलेली भाकरी सोडायचो, तेव्हा तिच्या भाकरीवर नुसती चटणी असायची. समोर टोपलीभर हिरवीगार भेंडी, आणि ती तिला हात लावायची ती फक्त पाणी मारायला.

"ती म्हणते, पोरी, तू खा आणि मला सांग, कसं लागतं."

"मग?"

"मला नाही आवडत ना पण!" तेजू भांड्यांकडे बघून ओरडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ती म्हणते, नाही आवडलं तर तसं सांग. पण सांग."

पोरीनं ब्रोकोलीचा एक तुरा तोडला, डोळे घट्ट मिटले आणि चावला. "गवतासारखं," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "मग शेंगदाण्यासारखं. ओल्या." पातेल्यांचा आवाज थांबला. नळाचं पाणी स्वच्छ झालं. तेजूनं ताट पुढं ओढलं आणि तो सगळा किमा संपवला. उठली तेव्हा ढेकर दिली. भूक लागली म्हणाली नाही.

त्यानंतर मी काही लपवलं नाही. रोज किम्यात एक भाजी, दिसेल अशी, मोठे तुकडे. मटार, गाजर, गवार, लाल भोपळा. तेजू प्रत्येक घासाला सिंककडे तोंड करून सांगते. सुरुवातीला गोड, कडू, चिकट असं सांगायची. मग शब्द बदलायला लागले. "गवार निबर आहे." "भोपळा कालचा तोडलेला." असले शब्द आमच्या घरात कुणी तिला शिकवले नाहीत. खुर्ची सोडून ती जमिनीवर उकिडवी बसायला लागली. एकदा मी कढईत उलथनं फिरवत होते, तर मागून तेजूच्या आवाजात, पण तेजूच्या चालीत नाही, कुणीतरी म्हणालं, "जने, मीठ कमी पडलं."

मार्केट सुटल्यापासून मला जने म्हणणारं कुणी उरलेलं नाही. मी मागं वळले नाही. मीठ टाकलं.

तपासणीला डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढली. आतून लाल, डाळिंबासारखी. "काय जादू केलीत आजी?" संध्यानं दवाखान्यातच माझ्या गळ्यात हात टाकले. ॲडमिट नाही, रक्त चढवणं नाही, काही नाही. घरी येताना तिनं स्वतः चिकनचा किमा आणि मेथीची जुडी घेतली.

"आई, आज मी पण जेवणार तुमच्याबरोबर. मला मेथी कडू लागते, पण आज खाणार."

मी मेथी-किमा केला. तेजू जमिनीवर बसून जेवत होती, सिंककडे तोंड करून पुटपुटत होती. संध्यानं उभ्या उभ्याच कढईतून एक घास घेतला. चावता चावता थांबली. तिची मान हळूहळू वाकडी झाली, जाळीकडे.

"आई..." तिचा आवाज एवढासा झाला होता. "कुणीतरी विचारतंय मला. कसं लागतं म्हणून."

"मग सांग की," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी पाव भाजायला ठेवला.