मर्नाचा शेवटचा दगड

अकरा फूट

कर्लिंगच्या अंतिम सामन्यात मर्नानं बर्फावरून सरकवलेला शेवटचा दगड शनिवारी दुपारी निघाला आणि रविवार उजाडला तरी थांबला नव्हता.

थांबत नाही तोवर तो चालतोय, हा नियम. चालतोय तोवर त्याच्यापुढचा बर्फ ब्रशनं घासून त्याला लांब न्यायला हरकत नाही, हाही नियम. म्हणून तिच्या संघातल्या आर्डिथ आणि पर्ल दोघी कंबरेत वाकून ब्रश मारत होत्या, आणि दगड मुंगीनंही मागून येऊन पुढं जावं अशा चालीनं घराकडे सरकत होता. घर म्हणजे बर्फात रंगवलेली वर्तुळं. ज्यांचा दगड मध्याच्या सगळ्यात जवळ, त्यांची सरशी. समोरच्या संघाच्या ओडेटचा दगड मध्यापासून फूटभरावर बसला होता. मर्नाचा मध्यापासून अजून अकरा फूट; तो ओडेटच्या आत गेला, की जिल्ह्याचा महिला चषक एकतीस वर्षांनी डंकर्ली गावात.

"घासा गं, घासा!" मर्ना मागून ओरडली. एप्रिलमध्ये तिच्या खुब्याचं ऑपरेशन. त्यानंतर बर्फ बंद.

आठ

शनिवारी, अर्ध्या वाटेवर, आर्डिथचा ब्रश दगडाला लागला होता.

खर्र.

एवढंच. पण ब्रश लागलेला दगड जळला, म्हणजे बाद. उचलून बाजूला ठेवायचा. हे पंच सांगत नाही. जिचा ब्रश लागला, तिनं सांगायचं. डंकर्लीतली माणसं माशाच्या लांबीवरून खोटं बोलतील, वयावरून बोलतील, जळलेल्या दगडावरून नाही.

आर्डिथनं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मर्ना लहान मुलीसारखी किंचाळली, "गेला गं गेला, सरळ गेला!" उघडलेलं तोंड मिटलं.

पाच

रविवारची प्रार्थना बर्फाशेजारीच झाली. पाद्रीबुवांनी येशूच्या थडग्याच्या तोंडावरचा दगड सरकल्याची गोष्ट सांगितली आणि सांगताना आर्डिथकडे बघितलं. निदान तिला तसं वाटलं.

मग तिचा नवरा प्रेक्षकांच्या काचेपलीकडे आला.

"काळी व्यायली."

"काय झालं?"

"कालवड."

"बरं. नाळेला औषध लाव."

ओडेटच्या संघातल्या बायका घासणाऱ्या दोघींना काट्यानं पिरोगी, म्हणजे सारणाच्या उकडलेल्या करंज्या, भरवत होत्या. "खा गं, खा. हरायचं असेल तर पोटभर खाऊन हरा," ओडेट म्हणाली.

सूचना

*दगड थांबेपर्यंत पुरुषांची मॅच गाड्या लावायच्या जागेत होईल. ब्रश घरून आणावेत.*

दोन

"पर्ल, तुला काही ऐकू आलं होतं का गं? शनिवारी?"

"घास."

"तसं नाही, पण समजा..."

"आर्डिथ, माझे हात कोपरापासून खाली आहेत की नाहीत तेही मला कळत नाहीये. घास."

दीड

सोमवार उजाडेतो मर्नाचा आवाज बसला होता. आता ती दगडाशेजारी गुडघे टेकून नुसतीच ओठ हलवत होती. चेहऱ्यावर चषक आधीच आलेला.

सव्वा

एक फूट आणि बोटभर

"माझा ब्रश लागला होता," आर्डिथ म्हणाली.

दगड थांबला.

इतका चटकन थांबला, की पर्ल पुढं दोनदा घासून गेली.

मग मर्ना घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तीन दिवस लागले तुला?"

"तुला माहीत होतं?"

"खर्र झालं की! गल्लीतल्या कुत्र्यांनीसुद्धा ऐकलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशी बोलू? ब्रश तुझा."

आर्डिथनं ओडेटकडे बघितलं. ओडेटनं खांदे उडवले. "आम्ही वाट बघत होतो. बिचारा दगडही बघत होता."

मर्ना उठली. एकदा त्या बोटभर जागेकडे बघितलं, आणि दुखऱ्या पायानंच दगड वर्तुळाबाहेर ढकलला. मग हातमोजा काढून तिनं ओडेटशी हात मिळवला, आणि तोच गार हात आर्डिथच्या मानेवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायचं, ही रीत. ओडेटनं विचारलं, "काय घेणार, आर्डिथ?"

आर्डिथ अजून वाकलेलीच होती.

"आधी खुर्ची," ती म्हणाली.